शांदोरेची पाटकरीण

ल्यूदिविन माबियार पहिलं पाऊल टाकायला शिकली ती पाटाच्या फळीवर. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक बापाच्या कमरेला, आणि खाली दरी. तिचा बाप इलेर आमच्या शांदोरे गावाचा पाटकरी, म्हणजे पाण्याचा पाट राखणारा. बायको बाळंतपणात गेलेली, पोर ठेवायची कुणाकडे, म्हणून तो तिला बरोबर घेऊनच कामावर जायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, अरे इलेर, एखाद दिवशी पोर पडेल. तो म्हणायचा, पडली तर मीही पडेन, मग काळजी करायला कोण उरतंय. अशा माणसाची ही लेक.

आमच्या डोंगरात पाऊस मोठा कंजूष. ढग येतात, समोरच्या शिखरांवर सगळं सांडून मोकळे होतात आणि आमच्याकडे नुसता वारा पाठवतात. कुरणाला पाणी नाही तर गवत नाही, गवत नाही तर गाई नाहीत, आणि गाई नसल्या तर शांदोरेत माणसानं राहायचंच कशाला? म्हणून आमच्या खापरपणजोबांनी वरच्या हिमनदीचं दुधी पाणी पाटानं गावात आणलं. माती होती तिथे चर खणला. तांबड्या कड्यापाशी माती नाही की पाय ठेवायला जागा नाही. तिथे दोराला लोंबकळत कातळात भोकं पाडली, भोकांत लाकडी खुंट ठोकले, खुंटांवर ओळीनं लाकडी पन्हळी टाकल्या आणि पन्हळींच्या कडेनं वीतभर रुंदीची एक फळी. पाटकऱ्याची वाट म्हणजे ती फळी. बकऱ्यासुद्धा तिथे जाताना दोनदा विचार करत.

गावाच्या तोंडाशी पाटात एक लहानसं चाक बसवलेलं होतं. पाण्यानं चाक फिरायचं, चाक हातोडा उचलायचं, आणि हातोडा लाकडाच्या ठोकळ्यावर पडायचा. ठक्, ठक्, दिवसभर. ठकठक चालू आहे तोवर पाटात पाणी आहे. थांबली की वर कुठेतरी काहीतरी फुटलं. या आवाजाची गावाला इतकी सवय की तो कुणाला ऐकूच यायचा नाही. थांबला की मात्र बहिऱ्यालाही कळायचं. म्हातारा झाकारी, आमच्या पाणीपंचांचा प्रमुख, दुपारचा बाकावर घोरत पडला की त्याच्या कानाशी ढोल बडवा, हलायचा नाही. पण एकदा बर्फाचं ढेकूळ पाटात अडकून हातोडा थांबला, तेव्हा हाच झाकारी एका पायात बूट आणि एका पायात बायकोची सपात घालून पाटाकडे धावताना सगळ्या गावानं पाहिला.

इलेरचे गुडघे गेले तेव्हा ल्यूदिविन ऐन विशीतली. तिनं कुणाला न विचारता फावडं खांद्यावर टाकलं आणि बापाच्या नावानं पाट राखायला लागली. आणि राखला कसा! आँतोनियँ म्हणून एक लबाड शेतकरी होता. शेजाऱ्याची पाण्याची पाळी चालू असली की हळूच एक धोंडा सरकवून पाणी आपल्या कुरणात वळवायचा. ल्यूदिविननं भांडण केलं नाही, पंचांकडे गेली नाही. विणकामाची पिशवी घेऊन त्या धोंड्यावरच जाऊन बसली आणि शेजाऱ्याची पाळी संपेपर्यंत मोजे विणत राहिली. आँतोनियँ कुंपणाआडून बघतोय. शेवटी हिनंच हाक मारली, की काका, पाय मोजून द्या, हे तुमच्यासाठीच विणते आहे. चोरपावलांनी चालायला लोकरीचे मोजे बरे. तेव्हापासून आँतोनियँला गावात सगळे ‘मोजे’ म्हणायला लागले, ते त्याच्या मरणापर्यंत.

आता दामियाँ. दामियाँ प्राप्लाँ खिंडीपलीकडच्या खोऱ्यातला, खेचरांवरून मीठ आणायचा आणि चीज घेऊन जायचा. एका उन्हाळ्यात त्याचं एक खेचर उकाड्याला वैतागून आमच्या पाटात आडवं झालं. पाणी अडलं, हातोडा थांबला, आणि ल्यूदिविन फावडं उगारून धावत आली. खेचर उठेना. दोघांनी मिळून शेपटीला धरून ओढलं, दोघंही चिखलात बसली, आणि तिथून पुढे दामियाँच्या मिठाला शांदोरेत जरा जास्तच गिऱ्हाईक मिळायला लागलं.

माणूस सोन्यासारखा. एकच खोट: त्याला उंचीची भीती. खेचरवाला आणि उंचीची भीती, असं कुणी ऐकलं नसेल. पण हा दरीच्या बाजूला खेचर ठेवायचा आणि आपण डोंगराला खेटून, नजर खेचराच्या पोटावर ठेवून चालायचा.

आणि इथेच घोडं अडलं. पाणीपंचांचा नियम जुना होता. पाटकरी पुरुषच. बाप जिवंत आहे तोवर लेकीनं त्याच्या नावानं काम केलं तर चालेल. पण तिचं लग्न झालं की पाट नवऱ्याकडे जाणार, आणि नवऱ्यानं सगळ्यांदेखत तांबडा कडा चालून दाखवायचा. नाही जमलं तर दुसरा माणूस. दामियाँनं बिचाऱ्यानं करून बघितलं. दोन पावलं टाकली आणि फळीवर असा थिजला की त्याच्या डोळ्यांवर ल्यूदिविनची शाल बांधून, खेचराला जळत्या गोठ्यातून काढतात तसं त्याला मागे आणावं लागलं. तेव्हा गावात ठरूनच गेलं, की ल्यूदिविनचं लग्न झालं की पाट थेओदुलकडे.

थेओदुल गवंडी होता, अंगानं आडदांड, मनानं वाईट नाही. फक्त त्याला कसलीही घाई नसायची. त्याच्या हातचं धुराडं पुरं होईस्तोवर घरातली मुलं लग्नाला येत, असं लोक म्हणत.

म्हणून ल्यूदिविन लग्न पुढे ढकलत राहिली. या उन्हाळ्यात नको, पुढच्या उन्हाळ्यात बघू. बायका टोमणे मारायच्या, की तुला पाटालाच माळ घालायची असेल तर पाद्रीबाबांना विचारून ठेव. ती हसायची आणि वर निघून जायची. पण दामियाँ दर जूनला खिंड उघडली की पहिला माणूस म्हणून खाली उतरायचा, आणि दर वर्षी त्याच्या कानाजवळचे केस जरा जास्त पांढरे दिसायचे. एका वर्षी तिनंच सांगितलं, आण तुझ्या माणसांना. त्यानं आनंदानं टोपी उडवली, ती पाटात पडली आणि वाहून गेली. पण त्या संध्याकाळी ल्यूदिविन कड्यावरून उगाचच दोनदा फिरून आली.

लग्नाचा दिवस असा उजाडला की काय सांगावं. आकाश धुतल्यासारखं, दामियाँची माणसं खिंड उतरून गाणी म्हणत आलेली, चीजची मोठाली चाकं विस्तवाजवळ मांडलेली. ल्यूदिविननं आमच्या रीतीप्रमाणे काळा पोशाख केलेला, त्यावर रेशमी एप्रन, टोपीला रुंद फीत. पायात नवे बूट, ते चावत होते. इलेरला चौघांनी खुर्चीसकट उचलून चर्चमध्ये आणलं.

दामियाँनं मात्र एक गुपित करून ठेवलं होतं. त्याला एकच गोष्ट सलायची: ल्यूदिविनचा एक कान कायम हातोड्याकडे. त्यानं प्रेमाचं काही बोलायला घ्यावं आणि तिनं मध्येच मान वळवावी. निदान ‘हो’ म्हणताना तरी तिचे दोन्ही कान आपल्याकडे असावेत, एवढीच त्याची हौस. आमच्याकडे नवरीला प्रश्न विचारला की चर्चची घंटा होते. त्यानं थेओदुलला गाठून सांगितलं, की काका, घंटा ऐकू आली की हातोडा फडक्यानं बांधा, पाण्यावर डोळा ठेवा आणि आम्ही बाहेर आलो की सोडा. थेओदुल वाईनच्या सुरईवर तयार झाला. नाहीतरी त्या घटकेपासून पाट त्याचाच व्हायचा होता.

पाद्रीबाबांनी दामियाँला विचारलं. तो हो म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं. त्याच्याकडची माणसं हसली. मग ते ल्यूदिविनकडे वळले आणि त्यांनी प्रश्न पुरता उच्चारला. घंटेवाल्याचा हात दोरावर होता, अजून दोर ओढायचा होता.

तेवढ्यात हातोडा थांबला.

सगळं चर्च एका झटक्यानं ताठ बसलं. पुरुष अर्धे उठलेसुद्धा. मग घंटा झाली, आणि दामियाँ लाजून हात वर करून सांगायला लागला, की बसा, बसा, काळजीचं कारण नाही, हातोडा मीच बांधायला सांगितलाय. का, तेही त्यानं सांगून टाकलं. अख्ख्या गावानं सुस्कारा टाकला, बायका कौतुकानं एकमेकींकडे बघायला लागल्या, झाकारी पुन्हा बाकाला टेकला.

ल्यूदिविन तेवढी उभीच. ती म्हणाली, “घंटेच्या आधी थांबला.”

“थेओदुलनं घाई केली असेल,” कुणीतरी म्हणालं.

“थेओदुलकाकांनी? घाई?”

यावर चर्चमध्ये हशा पिकला. हसता हसताच दोन-चार जणांचे चेहरे मात्र उतरले. पाद्रीबाबा चिडले होते. ते म्हणाले, पोरी, तोंडाशी आलेला शब्द आधी बोलून टाक आणि मग जायचं तिथे जा.

“‘हो’ म्हटलं की पाट माझा राहत नाही, बाबा,” ती म्हणाली. “अजून म्हटलेलं नाही. म्हणजे आत्ता तो माझाच आहे.”

एवढं बोलून तिनं घागरा मुठीत धरला आणि चर्चच्या मधल्या वाटेनं निघाली. दारात तिनं नवे बूट काढून फेकले. दामियाँच्या आत्यानं छातीवर क्रूसाची खूण केली; नवरी अशी उठून गेलेली तिनं कधी पाहिली नव्हती. दामियाँ क्षणभर पाद्रीबाबांकडे बघत राहिला आणि मग तिच्या मागे धावला.

चाकापाशी थेओदुल सुरई मांडीवर घेऊन निवांत बसला होता. फडकं खांद्यावर, घडी न मोडलेलं. दामियाँ धापा टाकत म्हणाला, की बांधला ना काका, सांगा हिला. थेओदुल म्हणाला, बांधायची वेळच आली नाही. फडकं काढतोय तोवर तो आपणच थांबला. मला वाटलं, तू दुसऱ्याही कुणाला सांगितलं असशील.

ल्यूदिविननं पाटात बघितलं. तळाशी ओला गाळ आणि एक तडफडणारा मासा. पाणी नव्हतं.

“काका, घंटा वाजवा,” ती म्हणाली. “दोर आणा, पन्हळ आणा, सगळ्यांना तांबड्या कड्यावर आणा.” आणि थेओदुल, तो थेओदुल, सुरई तिथेच टाकून असा पळाला की त्याच्या बायकोनंही नंतर विश्वास ठेवला नाही.

ल्यूदिविन पाटाच्या कडेनं वर धावत सुटली. वळणावर आली आणि तिला आवाज ऐकू आला, वेगळाच, धो धो. वरून धोंडा घरंगळला होता. त्यानं कड्यावरची एक पन्हळ फोडून फळीसकट खाली नेली होती. मोकळे पडलेले दोन खुंट कातळातून नुसते बाहेर आलेले होते, आणि वरून येणारं सगळं पाणी त्या भगदाडातून खाली कोसळत होतं. खाली काय होतं? गावाची राय धान्याची कोठारं, उंदीर चढू नयेत म्हणून दगडी चकत्या बसवलेल्या पायांवर उभी, वर्षभराची भाकर पोटात घेऊन. त्यांच्यामागचा उतार भिजून फुगत चालला होता. आणखी थोडा वेळ असंच चालू राहिलं असतं तर तो उतार कोठारांसकट खाली बसला असता.

पाणी बाजूच्या घळीत सोडून देणारं दार भगदाडाच्या पलीकडे होतं. ल्यूदिविननं कड्यातल्या कोनाड्यातून, संताच्या मूर्तीशेजारी ठेवलेलं दोराचं वेटोळं उचललं, गळ्यात घातलं, टोपी कोनाड्यात मूर्तीच्या ताब्यात दिली आणि पहिल्या खुंटावर पाय ठेवला. खुंट ओला, पाण्याचे फवारे तोंडावर. कातळाच्या एका फटीत बोटं घातली. दुसऱ्या खुंटावर पाय. तो खुंट हलला. ती थांबली नाही. थांबली असती तर तिचाही धोंडा झाला असता. पलीकडच्या फळीवर ती गुडघ्यांवर पडली आणि तिथून उठून दाराकडे धावली.

दार फुगून चौकटीत गच्च बसलेलं. तिनं ओढलं, लाथा घातल्या, खांदा लावला. हलेना. तिनं दार दोरानं बांधलं, दोर चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावरून घेतला, पण ओढायला एका माणसाचा भार पुरेना.

आणि मग तिला भगदाडाच्या अलीकडे दामियाँ दिसला. तो फळीवर पोटावर झोपून, डोळे घट्ट मिटून, एकेक वीत सरकत येत होता. तोंडानं अखंड काहीतरी चालू होतं. तिला वाटलं प्रार्थना करतोय; नंतर कळलं की तो आपल्या खेचरांची नावं घेत होता.

“दामियाँ, डोळे उघडू नकोस,” ती ओरडली. “दोर फेकते, हात वर कर.”

पहिल्यांदा दोर दरीत गेला, दुसऱ्यांदा त्याच्या पाठीवर पडला. त्यानं आंधळ्यासारखा चाचपून धरला, मनगटाला खेचरवाल्यांचा वेढा घातला, पाय सुक्या पन्हळीत रोवले आणि मागे झुकला. तिकडे तिनं दारापाशी ठेवलेल्या फावड्याचा दांडा दाराखाली सारून उचल घेतली. दांडा मोडला. पण दार कुरकुरलं, चार बोटं वर आलं, आणि मग पाण्यानंच त्याला पुढचं काम करून दिलं. सगळा लोंढा वळला आणि घळीत उड्या घेत निघून गेला. भगदाडातली धार बारीक झाली, मग ठिबकायला लागली, मग थांबली.

दामियाँ अजूनही मागे झुकूनच ओढत होता. सोड म्हणून तिनं तीनदा सांगितलं तेव्हा त्यानं सोडलं.

तोवर गाव येऊन पोचलं. लग्नाच्या कपड्यांत पुरुष, खांद्यावर नवी पन्हळ, हातात दोर, हातोडे. दामियाँकडची माणसंसुद्धा आली होती, फक्त ती फळीच्या बरीच अलीकडे थांबली. दोराला बांधून माणसं सोडली, हललेला खुंट पक्का ठोकला, पन्हळ बसवली, सांध्यांत शेवाळ कोंबलं. उन्हं कलली तेव्हा ल्यूदिविननं दार पुन्हा खाली सारलं आणि पाणी पुन्हा गावाकडे निघालं. खाली चर्चमध्ये इलेर आपल्या खुर्चीत पाद्रीबाबांबरोबर राहिला होता, कारण त्याला उचलणारे चौघेही वर आले होते. हातोडा पुन्हा वाजायला लागला तेव्हा तो पाद्रीबाबांना म्हणाला, की पोरगी जिवंत आहे, आता तुम्ही जेवून घ्या.

कड्याखालच्या कुरणात सगळे धापा टाकत बसले. ल्यूदिविनचा रेशमी एप्रन चिंधड्या झालेला, गुडघे फुटलेले. झाकारी म्हणाला, चला, लग्न पुरं करू या. ती उठली नाही.

“मी खाली येते, ‘हो’ म्हणते,” ती म्हणाली. “मला म्हणायचंच आहे. पण आधी सांगा, त्यानंतर पाट कुणाचा?”

झाकारीनं डोकं खाजवत नियम सांगितला, की पाट नवऱ्याचा. दामियाँ म्हणाला, की मला तुम्ही सगळ्यांनी फळीवर पोटावर पाहिलंय. पाटकरी असा पालीसारखा सरपटत गेला तर पाणी उन्हाळा संपल्यावर पोचेल. हसू उसळलं. मग माना थेओदुलकडे वळल्या. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“थांबलेलं चाक समोर होतं,” तो म्हणाला, “आणि मी सुरई उघडली. मला नका देऊ.”

आँतोनियँ मोजे मागून पुटपुटला, की बाईच्या नावानं पाट आजवर झालेला नाही. झाकारीनं त्याला विचारलं, की धोंड्यावर पुन्हा कुणी येऊन बसायला हवंय का? मग झाकारीनं तिथेच, गवतात, पाणीपंचांची सभा भरली असं जाहीर केलं आणि विचारलं, की ल्यूदिविन माबियार, लग्नाआधी आणि लग्नानंतर, स्वतःच्या नावानं पाटकरी, कुणाकुणाला मान्य?

पहिला हात थेओदुलचा. घाईघाईत त्यानं दोन्ही वर केले. झाकारीनं एक खाली घ्यायला लावला. मग एकेक करत सगळे. दामियाँनंही उचलला होता, पण तो बाहेरगावचा, त्याला मत नाही, असं सांगून त्याचा खाली घेतला. शेवटी आँतोनियँचाही, कोपरापर्यंत का होईना, वर आला.

ल्यूदिविननं फाटक्या एप्रननं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसत राहिली, आणि मग दामियाँला हात देऊन उठवलं.

पाद्रीबाबांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा विचारलं. अनवाणी, ओल्या कपड्यांत तिनं ‘हो’ म्हटलं, आणि जेवणाच्या पंगतीला न बसता नवऱ्याला घेऊन परत वर गेली, कारण नव्या पन्हळीचा एक सांधा ठिबकत होता. दामियाँ फळीच्या अलीकडे, डोंगराला खेटून, शेवाळाची टोपली धरून उभा राहिला. ती पुढे जाऊन सांधे बुजवत राहिली. खाली अंगणात झाकारी वाढणाऱ्या बायकांवर ओरडत होता, की वितळलेलं चीज संपवू नका, आमची पाटकरीण अजून जेवायची आहे.